नवी किडनी, रोजच्या गोळ्या आणि दुपारी वाढणारी साखर

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक प्रश्नोत्तरांच्या सदरात नुकताच एका वाचकाचा प्रश्न आला होता. किडनी प्रत्यारोपणाआधी कधीही मधुमेह नव्हता, शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत रक्तातली साखर वाढू लागली, तर काय करावे, असे त्यांनी विचारले होते. गोड कमी करा, वजन आटोक्यात ठेवा, रोज चाला, असे उत्तर त्यांना मिळाले. या सल्ल्यात चुकीचे काही नाही. पण अवयव टिकवण्यासाठी रोज घ्याव्या लागणाऱ्या औषधांचा त्या साखरेशी थेट संबंध असतो, याचा उत्तरात उल्लेखही नव्हता. जे सांगायला हवे होते तेच राहून गेले, आणि वाचणाऱ्याचा समज असा झाला असणार की साखर वाढली ती रुग्णाच्या खाण्यापिण्यामुळे. तो समज दूर व्हावा म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

हा समज घरात काय करतो, ते मी पाहिले आहे. चार वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या भावाला माझी एक किडनी दिली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, क्रिएटिनिन (किडनी किती साफ करते ते सांगणारा रक्तातला आकडा) झपाट्याने उतरले, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. तिसऱ्या आठवड्यात त्याला सारखी तहान लागू लागली आणि रात्री चार-चार वेळा उठावे लागू लागले. नवी किडनी जोमाने काम करते आहे, असे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. एका संध्याकाळी सहज शेजाऱ्यांचा ग्लुकोमीटर आणून बोट टोचले, तर आकडा आला २६८. त्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी दिलेल्या रक्ताचा अहवाल ९४ होता. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेली बाई. स्वादुपिंडाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल याची मोजदाद नाही. तरीही माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "गोड खाल्लंस का रे?" त्याने उत्तर दिले नाही. दवाखान्यातून आल्या दिवसापासून खाल्लेल्या प्रत्येक घासाची नोंद असलेली वही त्याने माझ्यापुढे सरकवली. त्या वहीत गोडाचा एक कणही नव्हता. तो प्रश्न विचारल्याची खंत मला अजून आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. स्वादुपिंडाचा बहुतांश भाग पाचकरस तयार करतो. त्यात विखुरलेले पेशींचे इवलेसे पुंजके पॉल लँगरहान्स या जर्मन तरुणाने वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच, १८६९ साली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना आपण लँगरहान्सची द्वीपके म्हणतो. माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख द्वीपके असतात, पण सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक पेशी बीटा पेशी असतात आणि शरीराला लागणारे सगळे इन्सुलिन त्याच तयार करतात. रक्तातले ग्लुकोज बीटा पेशीत शिरले की त्याच्या ज्वलनातून ऊर्जा निर्माण होते. त्या ऊर्जेमुळे पेशीच्या पटलातली पोटॅशियमची दारे बंद होतात, पटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारे उघडतात आणि बाहेरचे कॅल्शियम आत धावते. कॅल्शियम आत आले की इन्सुलिनने भरलेल्या कणिका पेशीच्या कडेशी येऊन फुटतात आणि इन्सुलिन रक्तात उतरते. कॅल्शियमचे काम एवढ्यावर संपत नाही. तयार साठा खर्ची पडला, आता नवे इन्सुलिन बनवायला घ्या, हा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचवण्यातही त्याचा हात असतो.

हा निरोप पोहोचवणाऱ्या साखळीत कॅल्सिन्युरिन नावाचे एक विकर आहे. कॅल्शियमची पातळी वाढली की ते जागे होते आणि एनएफएटी या प्रथिनावरचा फॉस्फेट काढून टाकते. फॉस्फेट निघाला की ते प्रथिन केंद्रकात शिरते आणि ठरावीक जनुके चालू करते. नेमकी हीच साखळी आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशींतही असते. परका अवयव दिसला की टी पेशीत कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्युरिन जागे होते, एनएफएटी केंद्रकात जाते आणि इंटरल्यूकिन-२ हा रेणू तयार होऊ लागतो. टी पेशींची फौज वाढवण्याचे काम हा रेणू करतो, आणि ही फौज वाढली की नवा अवयव नाकारला जातो.

सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही दोन्ही औषधे कॅल्सिन्युरिनलाच जखडून ठेवतात. सायक्लोस्पोरिन एका बुरशीत सापडले. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये त्याचा प्रतिकारशक्तीवरचा परिणाम लक्षात आला, १९७८ पासून ते रुग्णांना दिले जाऊ लागले आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४ साली वेगळे केले गेले. या दोन औषधांनी प्रत्यारोपणाचे चित्र पालटले. त्याआधी स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या जुन्या औषधांवर भिस्त होती आणि दुसऱ्याची किडनी वर्षभर टिकली तरी ती मोठी गोष्ट मानली जाई. या औषधांविरुद्ध मला एक अक्षरही लिहायचे नाही. माझ्या भावाच्या शरीरात माझी किडनी आज काम करते आहे ती टॅक्रोलिमसमुळेच.

पण औषधाला टी पेशी कोणती आणि बीटा पेशी कोणती हे कळत नाही. टॅक्रोलिमस पेशीतल्या एफकेबीपी-१२ या प्रथिनाला चिकटते आणि ती जोडगोळी कॅल्सिन्युरिनला अडवते; हे प्रथिन बीटा पेशींत भरपूर असते. औषध टी पेशीत कॅल्सिन्युरिन थांबवते तेव्हा आपण त्याला उपचार म्हणतो, आणि बीटा पेशीत तेच थांबवते तेव्हा दुष्परिणाम म्हणतो; रसायनाच्या दृष्टीने दोन्हीकडे घडते ते एकच. बीटा पेशीत ही साखळी थांबली की इन्सुलिनच्या जनुकाचे काम मंदावते, कणिकांचा साठा रोडावतो, आणि साखर वाढली असतानाही इन्सुलिन हवे तितके सुटत नाही. याचा एक सुरेख पुरावा २००६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून आला. तिथल्या संशोधकांनी उंदरांच्या फक्त बीटा पेशींमधून कॅल्सिन्युरिनचा एक आवश्यक भाग जनुकीय तंत्राने काढून टाकला. ते उंदीर जन्मतः ठीक होते. वय वाढू लागले तशा त्यांच्या बीटा पेशी पुरेशा वाढेनात, इन्सुलिन घटत गेले आणि त्यांना मधुमेह झाला. मग त्याच पेशींत सदैव जागे असलेले एनएफएटी घातले, तर बिघाड सावरला. या उंदरांना टॅक्रोलिमसचा थेंबही दिलेला नव्हता. औषध ज्या विकराला अडवते, तेवढेच नाहीसे केले तरी मधुमेह होतो, हे त्यातून दिसले.

माणसांतही प्रत्यक्ष पुरावा आहे. ज्यांना स्वादुपिंडाचेच प्रत्यारोपण झाले होते, अशा रुग्णांच्या स्वादुपिंडाचे सूक्ष्म तुकडे तपासून १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या औषधांवर असलेल्या रुग्णांच्या द्वीपकांत पेशी सुजलेल्या होत्या, त्यांत पोकळ्या पडल्या होत्या आणि इन्सुलिनच्या कणिका कमी झाल्या होत्या. सायक्लोस्पोरिनपेक्षा टॅक्रोलिमसवर हे अधिक दिसले, आणि ज्यांच्या रक्तात औषधाची पातळी जास्त चढली होती किंवा ज्यांना त्याच वेळी स्टेरॉइडची मोठी मात्रा दिली होती, त्यांच्यात आणखी ठळक होते. त्याच अभ्यासातली धीर देणारी बाब अशी की, औषधाची मात्रा उतरवल्यानंतर काही रुग्णांच्या पेशी पुन्हा सुधारलेल्या आढळल्या. म्हणजे बीटा पेशी सगळ्याच मरत नाहीत. बऱ्याचशा थकून, दबून बसलेल्या असतात. वेळीच लक्ष देण्याचा आग्रह मी धरते तो याच कारणाने, कारण दबलेल्या पेशीला सावरता येते, मेलेलीला नाही. प्रौढ माणसात बीटा पेशींची नव्याने वाढ फारच कमी होते.

टॅक्रोलिमसच्या जोडीला असते स्टेरॉइड, बहुधा प्रेडनिसोलोन. त्याच्यामुळे यकृतातून ग्लुकोज जास्त बाहेर पडते, स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात आणि त्याच साखरेला आवरायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन लागते. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत स्टेरॉइडमुळे होणाऱ्या मधुमेहाचे वर्णन थॉमस स्टार्झल यांनी १९६४ सालीच केले होते, म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला साठ वर्षे ठाऊक आहे. एकीकडे मागणी वाढवणारे औषध आणि दुसरीकडे पुरवठा घटवणारे औषध, अशा कात्रीत बीटा पेशी सापडतात. ज्यांच्या घरात आधीच मधुमेह आहे, ज्यांचे वय पंचेचाळीसच्या पुढे आहे, ज्यांचे वजन जास्त आहे किंवा ज्यांना हिपॅटायटिस सी चा संसर्ग आहे, त्यांच्या बीटा पेशींकडे मुळातच राखीव ताकद कमी असते आणि त्या लवकर हात टेकतात. मॅग्नेशियमचेही इथे नाव घ्यायला हवे: टॅक्रोलिमसमुळे ते लघवीवाटे वाहून जाते, आणि मॅग्नेशियम कमी असलेल्यांत हा मधुमेह अधिक आढळतो. रक्ताच्या अहवालातल्या त्या ओळीकडे आम्ही कितीतरी दिवस पाहिलेच नव्हते.

नवी किडनी स्वतःही यात भर घालते, आणि याबद्दल मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. निरोगी किडनी रक्तातले इन्सुलिन मोडून टाकते. किडनी निकामी झाली की इन्सुलिन जास्त वेळ रेंगाळते आणि साखर खाली राहते. त्यामुळे डायलिसिसवरच्या काही जणांचा सुप्त मधुमेह झाकलेला राहतो. चांगली किडनी बसली की इन्सुलिन पुन्हा वेळेवर मोडू लागते, शिवाय ती किडनी स्वतःही थोडे ग्लुकोज तयार करते. म्हणजे किडनी उत्तम चालली तरी बीटा पेशींवरचे ओझे वाढतेच, आणि ते नेमके औषधांची मात्रा सर्वाधिक असते त्या आठवड्यांत वाढते.

प्रतिकारशक्ती दडपणारी सगळीच औषधे बीटा पेशींना सारखी वागवत नाहीत. अझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट यांचा साखरेवर म्हणावा असा परिणाम दिसत नाही. बेलाटासेप्ट हे २०११ मध्ये मान्यता मिळालेले औषध वेगळ्या वाटेने काम करते आणि तेही या बाबतीत निरुपद्रवी आहे. मात्र ते शिरेतून द्यावे लागते आणि सुरुवातीच्या महिन्यांत नव्या अवयवावर तीव्र हल्ला होण्याचे प्रमाण त्यात अधिक असते. सिरोलिमसची गोष्ट गुंतागुंतीची आहे. ईस्टर बेटावरून १९६४ मध्ये आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळाले, आणि सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने चिकाटीने ते जगापुढे आणले. ते कॅल्सिन्युरिनला हात लावत नाही म्हणून बीटा पेशींना जपेल, अशी एके काळी अपेक्षा होती. पण ते ज्या एमटॉर प्रथिनाला अडवते, ते बीटा पेशींची वाढ आणि शरीराची इन्सुलिनला मिळणारी दाद या दोन्हींसाठी लागते, त्यामुळे ती अपेक्षा पुरी झाली नाही.

किती जणांना हा मधुमेह होतो? व्याख्या आणि तपासणीची पद्धत बदलली की आकडा बदलतो, म्हणून वेगवेगळ्या अभ्यासांत तो १० पासून ४० टक्क्यांपर्यंत सापडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत, सहा महिन्यांच्या शेवटी, नव्याने मधुमेह झालेले किंवा उपाशीपोटीची साखर बिघडलेली माणसे सायक्लोस्पोरिनच्या गटात २६ टक्के आणि टॅक्रोलिमसच्या गटात ३३.६ टक्के होती. मग सगळ्यांना सायक्लोस्पोरिनच का देत नाहीत, असे कुणीही विचारेल. उत्तर असे की, टॅक्रोलिमस अवयव नाकारला जाण्याला अधिक परिणामकारकपणे रोखते, आणि अवयव गेला तर साखरेचा प्रश्न गौण ठरतो. तरीही मधुमेह झालेल्या रुग्णांत औषध बदलून पाहण्यासारखे असते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टॅक्रोलिमसवरून सायक्लोस्पोरिनवर आणलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांचा मधुमेह वर्षभरात मागे हटला. टॅक्रोलिमसवरच ठेवलेल्यांत हे प्रमाण दहात एक होते. हा निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनी, रुग्णाचा अवयव नाकारला जाण्याचा धोका तोलून घ्यायचा असतो. इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी: हे पत्र वाचून कुणीही आपली गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नये, चुकवू नये, पुढे ढकलू नये. साखरेला इलाज आहे, गेलेल्या किडनीला नाही. उलट, डोस वेळेवर घेणे, जुलाब झाले किंवा कुणी नवे औषध दिले तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवणे, यानेच रक्तातली पातळी स्थिर राहते. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी एकाएकी चढू शकते, आणि काही रक्तदाबाच्या व बुरशीविरोधी औषधांनीही ती चढते.

आता तपासणीविषयी, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. प्रेडनिसोलोन सकाळी घेतात; त्याचा जोर दुपारी आणि संध्याकाळी दिसतो आणि रात्रीतून ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर अगदी स्वच्छ येऊ शकते आणि दुपारी चार वाजता तीच अडीचशेच्या वर असू शकते. माझ्या भावाच्या बाबतीत तेच घडत होते: सकाळी ९४, संध्याकाळी २६८. त्याचे रक्त आठवड्यातून दोनदा तपासले जाई. टॅक्रोलिमसची पातळी सकाळची गोळी घेण्याआधी मोजायची असते म्हणून रक्त सकाळीच घेत, आणि त्याच नमुन्यात साखरही बघत. तीन आठवडे सगळे अहवाल निर्दोष होते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणी तरी खरे सांगेल असे वाटते, पण प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तीही फसवते. रक्तक्षय, रक्त चढवणे, रक्त वाढवण्यासाठी दिलेली इंजेक्शने यांमुळे लाल पेशींचे वय बदललेले असते, आणि ही चाचणी त्या वयावरच अवलंबून आहे. सर्वांत विश्वासार्ह चाचणी ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त तपासण्याची. त्यात २०० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर तो मधुमेह. उपाशीपोटीची १२६ ही मर्यादा सर्वांना ठाऊक असते. या रुग्णांत तिच्यावरच विसंबून राहिले तर बरेचसे मधुमेही निसटतात. इतके न जमल्यास दुपारच्या जेवणानंतर, चारच्या सुमारास बोट टोचून पाहणे हा घरच्या घरी करण्यासारखा सोपा उपाय आहे.

२००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पहिले चार आठवडे दर आठवड्याला, नंतर वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी साखर तपासावी असे म्हटले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमतीत 'प्रत्यारोपणानंतरचा मधुमेह' हे नाव निश्चित झाले, आणि निदानाचा शिक्का घाईने मारू नये असेही सांगितले गेले. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात जवळपास प्रत्येकाचीच साखर थोडीफार वाढते आणि औषधांची मात्रा कमी झाल्यावर अनेकांची उतरते. म्हणून रुग्ण स्थिरावल्यावर, औषधांची मात्रा पुढे कायम चालणाऱ्या पातळीवर आल्यावर निदान करावे. याचा अर्थ तोवर साखरेकडे काणाडोळा करावा असा नव्हे. शिक्का मारायला थांबावे, उपचाराला थांबू नये.

व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१२ साली ५० रुग्णांवर केलेली एक चाचणी मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रियेनंतर संध्याकाळची साखर १४० च्या वर जाऊ लागताच त्यांनी निम्म्या रुग्णांना लगेच इन्सुलिन सुरू केले. उरलेल्यांना नेहमीच्या पद्धतीने, साखर बरीच वाढल्यावर उपचार दिले. विचार साधा होता: या आठवड्यांत बीटा पेशींवरचा भार बाहेरून उचलला, त्यांना विसावा दिला, तर त्या पुढे टिकतील. वर्षाच्या अखेरीस लवकर इन्सुलिन घेतलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण बरेच कमी होते. पुढे अनेक केंद्रांत मिळून झालेल्या मोठ्या चाचणीत, २०२१ साली, निकाल इतका लखलखीत आला नाही, आणि साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचे प्रसंगही इन्सुलिनच्या गटात जास्त होते. हे दडवून ठेवणे बरोबर नाही. सगळ्यांना सरसकट इन्सुलिन द्या असा याचा अर्थ मी काढत नाही. पण 'बघू, आपोआप उतरेल' म्हणत अडीचशेची साखर आठवडेच्या आठवडे चालू देणे, हे तर कुठल्याच अभ्यासात बसत नाही. वाढलेली साखर स्वतःही बीटा पेशींना मारक असते, शिवाय या मधुमेहाने हृदयविकार, संसर्ग आणि अवयव गमावण्याचा धोका वाढतो.

या औषधांचा आणि बीटा पेशींचा झगडा सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो द्वीपकांच्या प्रत्यारोपणात. टाइप १ मधुमेहात रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने बीटा पेशी नष्ट केलेल्या असतात. दात्याच्या स्वादुपिंडातून द्वीपके वेगळी करून ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली, तर ती यकृतात रुजतात आणि इन्सुलिन देऊ लागतात. कॅनडातल्या एडमंटन इथे २००० साली सात रुग्णांवर हे यशस्वी झाले आणि सातही जणांची इन्सुलिनची इंजेक्शने सुटली. त्यांनी स्टेरॉइड जाणीवपूर्वक वगळले होते आणि टॅक्रोलिमसची मात्रा कमी ठेवली होती, कारण ज्या पेशी वाचवायच्या त्यांनाच ही औषधे बाधतात हे त्यांना ठाऊक होते. तरीही पाच वर्षांनी इन्सुलिनशिवाय राहणारे सुमारे एक दशांशच उरले. कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक विचार करण्यासारखे आहे. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून शोषली जाऊन आधी यकृताकडे जाते. म्हणजे औषध सर्वांत तीव्र असते ते नेमके नवी द्वीपके जिथे मुक्कामाला बसवली आहेत तिथे. अलीकडे, २०२५ मध्ये, मूळपेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेली द्वीपके दिलेल्या १२ रुग्णांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनमुक्त असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांतही स्टेरॉइड टाळले होते, पण प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालूच होती. त्याच वर्षी स्वीडनमधला आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला: एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत, प्रतिकारशक्तीला ओळखू येऊ नयेत असा जनुकीय बदल केलेल्या द्वीपक पेशी बसवल्या गेल्या होत्या. त्याला कोणतेही दडपणारे औषध दिले नाही, आणि १२ आठवड्यांनी त्या पेशी इन्सुलिन बनवत होत्या. मात्रा थोडी होती, त्याला बाहेरून इन्सुलिन घ्यावेच लागत होते, आणि रुग्ण एकच होता. तरी ही वाट पुढे रुंद झाली, तर ज्यांना पिढ्यान् पिढ्या ही कात्री सोसावी लागली त्यांची त्यातून सुटका होईल, अशी आशा मला वाटते.

ज्या रुग्णालयात आमची शस्त्रक्रिया झाली, तिथल्या शल्यचिकित्सकांच्या कौशल्याला तोड नाही, आणि परिचारिकांनी भावाची घेतलेली काळजी मी विसरणार नाही. पण घरी सोडताना दिलेल्या कागदावर अकरा औषधांची नावे, वेळा आणि मात्रा होत्या, तोंडावर पट्टी बांधायची सूचना होती, ताप आला तर कुठे फोन करायचा ते होते. साखरेविषयी एक ओळही नव्हती. शस्त्रक्रियेआधीच्या चर्चांतही हा विषय कधी निघाला नाही. प्रत्यारोपणाआधीच ग्लुकोज पिऊन करायची ती चाचणी केली असती, घरात मधुमेह आहे का हे विचारले असते (आमच्या वडिलांना होता), तर भावाचा धोका आधीच कळला असता आणि पहिल्या दिवसापासून संध्याकाळची साखर बघितली गेली असती. या अपेक्षेला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

भावाला पुढे पाच महिने इन्सुलिन घ्यावे लागले. स्टेरॉइडची मात्रा ठरल्याप्रमाणे उतरत गेली, टॅक्रोलिमसची पातळी आवश्यक तेवढ्याच पट्ट्यात आणली गेली, मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि इन्सुलिनचे युनिट एकेक करून कमी होत शेवटी बंद झाले. आता एका गोळीवर त्याची साखर ठीक असते. सगळ्यांचेच असे होत नाही. कित्येकांना इन्सुलिन कायम घ्यावे लागते, आणि तेही पथ्य तितकेच कसोशीने पाळत असतात. ती वही अजून चालू आहे. मात्र तिच्यात आता खाण्याच्या नोंदींऐवजी तीन रकाने आहेत: सकाळच्या गोळीची वेळ, संध्याकाळच्या गोळीची वेळ, आणि दुपारी चारची साखर.

आपल्या सदरात ज्या वाचकाने प्रश्न विचारला होता, त्यांचा पत्ता मला ठाऊक नाही. म्हणून आपल्याला विनंती अशी की, त्याच सदरात त्यांच्यासाठी पुरवणी उत्तर छापावे. आपली साखर दिवसाच्या कोणत्या वेळी तपासली होती, टॅक्रोलिमसची पातळी किती आहे आणि स्टेरॉइडची मात्रा केव्हा उतरणार आहे, हे तीन प्रश्न त्यांनी आपल्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारावेत, आणि उत्तरे मिळेपर्यंत एकही गोळी चुकवू नये, एवढे तरी त्यात असावे.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका